मागे पाहून मागे घ्यावे : वाहनचाचणीतील रिव्हर्सचा धडा

दिवाळी सरली की कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांच्या काठच्या गावांतून उसाची वाहतूक सुरू होते. कराड तालुक्यातील रेठरे बुद्रुक व यशवंतनगर, वाळवा तालुक्यातील साखराळे अशा कारखान्यांच्या वजनकाट्यांपुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि गव्हाण अहोरात्र चालू राहते. या रांगेतील चालक डांबरी रस्त्यावरून सरळ जाताना सहसा अडखळत नाही. त्याच्या कौशल्याचा खरा कस लागतो तो पाणंदीत, फडाच्या तोंडाशी आणि घरापुढच्या अंगणात. तेथे वळावयास जागा नसते, समोरून दुसरे वाहन आलेले असते आणि ट्रॉली मागे घेण्यावाचून गत्यंतर नसते. नेमक्या त्याच जागी मुले खेळत असतात, वृद्ध माणसे उन्हाला बसलेली असतात आणि गुरे बांधलेली असतात.

वाहन पुढे नेणे बहुतेकांना थोड्या दिवसांत साधते. मागे घेणे मात्र पुष्कळांना वर्षानुवर्षे साधत नाही. वाहनचालक परवान्याच्या चाचणीत या भागाचा समावेश आहे. तथापि तो केवळ उत्तीर्ण होण्यापुरता उरकावयाचा उपचार आहे, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज दूर व्हावा, चाचणीस बसणाऱ्या तरुणांना या कौशल्यामागील तत्त्व कळावे आणि गावपातळीवर त्याच्या सरावाची व सुरक्षिततेची व्यवस्था व्हावी, या हेतूने प्रस्तुत विवेचन केले आहे.

नियमाची अपेक्षा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला व त्याने १९३९ च्या कायद्याची जागा घेतली. त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये उमेदवाराने चाचणीत काय करून दाखवावे याची सविस्तर यादी दिलेली आहे. त्यातील दोन बाबी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली बाब अशी की, मर्यादित जागेत उजवीकडे किंवा डावीकडे वाहन ताब्यात ठेवून व वाजवी अचूकतेने मागे घेता आले पाहिजे. दुसरी बाब अशी की, पुढच्या व मागच्या गिअरच्या साह्याने वाहनाचे तोंड विरुद्ध दिशेला फिरविता आले पाहिजे.

या शब्दयोजनेकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. नियमाने ताबा मागितला आहे, अचूकता मागितली आहे. चपळाईची अपेक्षा कोठेही केलेली नाही. उमेदवार मात्र परीक्षकापुढे आपण किती सराईत आहोत हे दाखविण्याच्या भरात वेग वाढवितो आणि खुणेच्या काठीला धक्का देऊन बसतो. सावकाश व थांबत थांबत मागे येणारा उमेदवार कच्चा ठरत नाही. तोच नियमाला अभिप्रेत असलेला चालक होय.

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही आणि शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते. चाचणीत अनुत्तीर्ण झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा बसता येते. परंतु तीन वेळा अपयश आल्यास ६० दिवस थांबावे लागते. सातारा, सांगली व कराड येथील परिवहन कार्यालयांत लांबच्या गावांहून दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या उमेदवाराला हा हेलपाटा परवडणारा नसतो. म्हणून घाईने चाचणीची तारीख घेण्यापेक्षा सराव पुरता झाल्यावरच ती घेणे शहाणपणाचे ठरते. प्रशिक्षण शाळांतून हलक्या वाहनांसाठी किमान २१ दिवसांचा अभ्यासक्रम व प्रत्यक्ष चालविण्याचे किमान १० तास ठरवून दिलेले आहेत. त्या दहा तासांपैकी किती वेळ रिव्हर्सच्या सरावाला मिळणार, हे प्रशिक्षणार्थ्याने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

मागील गतीचे गणित

वाहन मागे घेणे अवघड का वाटते? मोटारीची दिशा पुढची चाके बदलतात. पुढे जाताना दिशा देणारे टोक आघाडीवर असते व मागची चाके निमूटपणे त्याच्या पाठोपाठ येतात. मागे जाताना हा क्रम उलटतो. मागचे टोक आघाडीवर जाते आणि दिशा देणारी चाके शेपटाकडे राहतात. त्यामुळे स्टिअरिंग थोडे फिरविले तरी वाहनाचे तोंड आडवे झुकते. मागे पाहण्यात गुंतलेल्या चालकाचे त्या तोंडाकडे लक्ष नसते. गोठ्याच्या भिंतीला घासते ती पुष्कळदा मोटारीची मागची बाजू नसून पुढच्या बाजूचा कोपरा असतो.

दिशेचा नियम मात्र सोपा आहे. साध्या मोटारीत स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवावे त्याच बाजूला वाहनाची मागची बाजू जाते. उजवीकडे फिरविले की मागची बाजू उजवीकडे वळते आणि पुढचा डावा कोपरा बाहेर झुकतो. डावीकडे फिरविले की याच्या उलट घडते. हा नियम तोंडपाठ करून भागत नाही. मोकळ्या मैदानात दहा-वीस वेळा करून पाहिल्यावरच तो हाताला कळतो.

दुसरे गणित वेगाचे. ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १.४ मीटर सरकते. ताशी १० किलोमीटरला हेच अंतर २.८ मीटर होते. मागे कोणी आले हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद निघून जातो. अंगणात खेळणारे मूल वाहनापासून दोन मीटरवर असेल, तर या दोन वेगांतील फरक हा त्याच्या जिवाचा फरक ठरू शकतो. म्हणून माणसाच्या सावकाश चालीपेक्षा अधिक वेगाने वाहन मागे घेऊ नये. वेग क्लचच्या साह्याने आवरावा, अॅक्सिलरेटरवर पाय दाबू नये आणि उजवा पाय ब्रेकवर तयार ठेवावा.

कामाचा क्रम

वाहन मागे घेण्यास आरंभ होतो तो चालक आसनावर बसण्यापूर्वीच. चालकाने प्रथम वाहनाभोवती एक फेरी मारून मागची जागा डोळ्यांनी पाहावी. चाकामागे दगड, खड्डा, झोपलेले जनावर किंवा मूल नाही याची खात्री करावी. मग विलंब न लावता आसनावर बसावे, कारण फेरी मारल्यानंतर पाच मिनिटे गप्पांत घालविली तर त्या फेरीला अर्थ उरत नाही. आरसे नीट लावून घ्यावेत, काचा खाली कराव्यात व रेडिओ बंद ठेवावा. मागे उभ्या असलेल्या माणसाची हाक कानावर येणे हे आरशात दिसण्याइतकेच मोलाचे आहे.

आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो. त्यामुळे उजवीकडे मागे घेताना त्याला स्वतःच्या खिडकीतून कडा दिसते, तर डावीकडे घेताना डाव्या आरशावर व मागच्या काचेवर अवलंबून राहावे लागते. नवख्या माणसाने सराव प्रथम उजव्या बाजूने करावा व मग डाव्या बाजूस अधिक वेळ द्यावा. सरळ मागे जाताना मान डावीकडे वळवून मागच्या काचेतून पाहावे व अधूनमधून दोन्ही आरशांवर आणि पुढच्या कोपऱ्यांवर नजर टाकावी. केवळ एकाच आरशाकडे टक लावून राहणे ही चाचणीत वारंवार आढळणारी चूक होय. दुसरी चूक म्हणजे गोंधळ झाल्यावरही न थांबणे. दिशा चुकली असे वाटताच थांबावे, थोडे पुढे जाऊन वाहन सरळ करावे आणि पुन्हा मागे यावे.

अनेक चाचणी मैदानांवर इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची वाट आखलेली असते. तिच्या एका पायातून पुढे जाऊन मधल्या आडव्या पट्टीतून मागे घेत दुसऱ्या पायात वाहन उभे करावे लागते. त्याचे मर्म एकच आहे : वळण्यास केव्हा आरंभ करावा आणि चाके केव्हा सरळ करावीत. मागचे चाक आडव्या पट्टीच्या कोपऱ्याशी आले की स्टिअरिंग फिरविण्यास सुरुवात करावी आणि वाहन पट्टीला समांतर होण्याच्या थोडे आधीच चाके परत सरळ करू लागावे. समांतर झाल्यावर सरळ करू पाहणाऱ्याला उशीर झालेला असतो.

वाहन उभे करण्याची रीत

रस्त्याच्या कडेला दोन वाहनांमधील मोकळ्या जागेत मोटार लावण्याचे काम सांगलीच्या बाजारपेठेत किंवा साताऱ्याच्या राजपथावर नित्य करावे लागते. यासाठी आपल्या मोटारीच्या लांबीच्या दीडपट जागा असल्यास काम सोपे होते. पुढच्या वाहनाच्या शेजारी, मध्ये अर्धा ते एक मीटर अंतर ठेवून व दोन्ही वाहनांच्या मागच्या बाजू एका रेषेत आणून थांबावे. मागून येणारी वाहतूक पाहून डावीकडचा इशारा द्यावा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून अगदी सावकाश मागे यावे. मोटार रस्त्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करू लागली की चाके सरळ करावीत व तशीच थोडी मागे घ्यावी. आपल्या मोटारीचा पुढचा डावा कोपरा पुढील वाहनाच्या मागच्या कोपऱ्यातून मोकळा होताच स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवावे. मोटारीचे तोंड आपोआप आत येते. शेवटी चाके सरळ करून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे करावे.

अंगण, छपरी, बाजार समितीचे आवार किंवा यात्रेचे मैदान येथे एक साधे तत्त्व पाळावे. मागे घेण्याचे काम येतानाच उरकावे व वाहनाचे तोंड रस्त्याकडे ठेवून ते उभे करावे. येताना चालकाने जागा नुकतीच पाहिलेली असते. निघताना मात्र अंधार पडलेला असतो, माणसे दमलेली असतात आणि भोवती गर्दी वाढलेली असते. पाली येथील खंडोबाची यात्रा किंवा पुसेगाव येथील सेवागिरी महाराजांची यात्रा संपून हजारो माणसे एकदम परतू लागतात, तेव्हा तोंड बाहेर करून लावलेले वाहन सरळ पुढे निघते. उलट लावलेले वाहन त्या गर्दीत डोळे झाकल्यासारखे मागे घ्यावे लागते. यात्रा समित्यांनी वाहनतळाची आखणी करतानाच हा नियम फलकावर लावल्यास पुष्कळ धोका टळेल.

घाट व उतार

वाई ते पाचगणीचा पसरणी घाट असो वा साताऱ्याहून कासकडे जाणारा यवतेश्वरचा चढ असो, उतारावर वाहन मागे घेताना वाहनाचे वजनही गतीत भर घालते. नियम १५ मध्ये चढावर थांबून, वाहन मागे न घसरू देता पुन्हा निघण्याची जी कसोटी आहे, तिचा व रिव्हर्सचा निकटचा संबंध आहे. हँडब्रेक ओढलेला असताना क्लच हळूहळू सोडावा, इंजिनने वाहनाचा भार घेतल्याचे जाणवले की मगच हँडब्रेक खाली करावा. ही सवय जडलेला चालक चढावर घाबरत नाही.

उतारावर वाहन उभे करून जाताना इंजिन बंद करणे व ब्रेक लावणे हे अधिनियमाच्या कलम १२६ नुसार बंधनकारक आहे. शिवाय वाहन गिअरमध्ये ठेवावे, पुढची चाके रस्त्याच्या कडेकडे वळवावीत आणि अवजड वाहन असल्यास चाकाला लाकडी ठोकळा लावावा. ठोकळ्याऐवजी दगड लावला असेल तर निघताना तो उचलून बाजूला टाकावा. रस्त्यात राहून गेलेला दगड रात्री येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या जिवावर बेततो.

ट्रॉली जोडल्यावर

आतापर्यंतचे विवेचन एकसंध वाहनाविषयी झाले. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की दिशेचा नियम उलटा होतो. कायद्याच्या व्याख्येनुसार ७,५०० किलोपर्यंत रिकामे वजन असलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनांत मोडतो. म्हणजे लहान मोटारीवर चाचणी दिलेला तरुण ट्रॅक्टरच्या आसनावर बसू शकतो. पण ट्रॉली मागे घेण्याचा अनुभव त्याला त्या चाचणीने दिलेला नसतो. परवाना ही किमान पात्रता होय. ट्रॉलीचा सराव ज्याचा त्याने वेगळा करावयाचा आहे.

बैलगाडी हाताने मागे रेटली आहे अशा माणसाला हे तत्त्व चटकन उमगते. गाडीची मागची बाजू उजवीकडे जावी असे वाटत असेल, तर पुढचे जू डावीकडे ढकलावे लागते. दोन चाकांच्या ट्रॉलीचे तसेच आहे. तिची मागची बाजू उजवीकडे न्यावयाची असेल तर स्टिअरिंग आधी डावीकडे फिरवावे आणि ट्रॉली वळू लागताच ते उजवीकडे परत आणून तिच्या पाठोपाठ जावे. हात गोंधळत असतील तर स्टिअरिंगच्या तळाशी हात धरावा. तळाचा हात ज्या बाजूला न्यावा त्या बाजूला ट्रॉली जाते. ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यातील कोन वाढू लागला की तत्काळ थांबून पुढे यावे. अन्यथा दोन्ही कात्रीप्रमाणे मिटतात, जोडदांडा वाकतो व ट्रॉली उलटण्याचाही संभव असतो.

चार चाकी ट्रॉलीत ट्रॅक्टरच्या जोडाखेरीज पुढच्या आसाजवळ आणखी एक फिरता सांधा असतो, म्हणून ती मागे घेणे अधिक कठीण. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर मागे घेण्याचा प्रयत्नच करू नये. मागची ट्रॉली सोडून एकेक हलवावी. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. शेतात ते स्वतंत्र वापरण्याची सोय असली तरी रस्त्यावर येताना दोन्ही पेडल एकत्र जोडलेले असलेच पाहिजेत. मडगार्डवर बसलेली माणसे चालकाची मागची नजर अडवितात व तोल गेल्यास थेट चाकाखाली येतात. चालकाच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने कोणासही बसविण्यास कलम १२५ नुसार मनाई आहे.

इशारा देणारा माणूस

एस.टी.च्या स्थानकात गाडी मागे घेताना वाहक खाली उतरून शिट्टी देतो, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. मालमोटारीच्या मागे उभा राहून क्लीनरही ‘येऊ दे, येऊ दे’ असा पुकारा करतो. या पद्धतीत शिस्त असेल तरच तिचा उपयोग आहे. इशारा देणारा एकच असावा. त्याने वाहनाच्या थेट मागे उभे न राहता, आरशात दिसेल अशा बेताने एका बाजूस उभे राहावे. तो आरशातून दिसेनासा झाला की चालकाने वाहन थांबवावे. पुकारा ऐकू येत राहिला तरी पुढचे पाऊल उचलू नये. चार जणांनी चार बाजूंनी सूचना देण्यापेक्षा कोणीच न देणे बरे.

१ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचा अडथळा सांगणारी सूचक यंत्रणा बसविणे आवश्यक झाले. ही यंत्रणा मदतनीस आहे. तिची घंटी वाजली नाही म्हणून मागे कोणी नाही, असे गृहीत धरू नये. जुन्या मोटारी व ट्रॉल्या यांना तर तीही नसते.

शाळा व ग्रामपंचायतीचे कार्य

शिक्षकांना शाळेच्या मैदानावर एक सोपा प्रयोग करून दाखविता येईल. इंजिन बंद असलेले वाहन मैदानात उभे करावे व किल्ली शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावी. एक मीटर उंचीची काठी वाहनाच्या मागच्या बाजूस टेकवून उभी धरावी व ती हळूहळू दूर न्यावी. आसनावर बसलेल्या चालकाला तिचे टोक जेथे प्रथम दिसेल तेथे चुन्याची खूण करावी. अशाच खुणा दोन्ही बाजूंनी करून त्या रेषेने जोडाव्यात. या रेषेच्या आत पहिलीचे विद्यार्थी उभे करून चालकाला किती मुले दिसतात असे विचारावे. उत्तर ऐकल्यावर मुलांना व चालकांनाही वेगळ्या उपदेशाची गरज उरत नाही. उभ्या वाहनामागे खेळू नये, हा धडा मुलांना जन्मभर पुरतो.

ग्रामपंचायतींना करता येण्याजोगी कामेही आहेत. पाणंदीच्या टोकाला ट्रॅक्टर वळेल एवढी जागा मोकळी राखली तर मागे घेण्याची गरजच पुष्कळशी कमी होते. राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना सुरू केली. पाणंद रस्त्याचे कोणतेही काम घेताना वळणाच्या जागेचा विचार आराखड्यातच व्हावा. पाणंदीच्या तोंडाशी असलेले उकिरडे व लाकडांचे ढीग हलवावेत. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी प्रवेशद्वारापाशी कोणतेही वाहन मागे घेऊ नये, असा ठराव ग्रामसभेत करावा. गावच्या मोकळ्या जागेत जुने टायर व झेंडे लावलेल्या काठ्या यांच्या साह्याने सरावाची वाट आखून द्यावी. तेथे सराव करणाऱ्याजवळ शिकाऊ परवाना असावा, शेजारी पक्का परवाना असलेला शिकविणारा बसलेला असावा आणि वाहनाच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात एल हे अक्षर असावे.

घरच्या ट्रॅक्टरवर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला बसविण्याची हौस काही ठिकाणी आढळते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. कायद्याच्या धाकापेक्षाही महत्त्वाचे हे की, ज्या अंगणात तो मुलगा ट्रॉली मागे घेतो, त्याच अंगणात त्याची धाकटी भावंडे खेळत असतात.

परवान्याचे पत्र हाती पडले म्हणजे शिक्षण संपले असे नाही. चाचणीच्या मैदानावर काठी पडली तर सात दिवसांनी पुन्हा संधी मिळते. अंगणातील चुकीला अशी दुसरी संधी नसते. उतरून पाहावे, सावकाश मागे यावे आणि शंका येताच थांबावे, या तीन गोष्टी चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यास जितक्या हव्या आहेत, तितक्याच त्या प्रत्येक घराला हव्या आहेत. सातारा व सांगली जिल्ह्यांतील शाळा, ग्रामपंचायती व तरुण मंडळे यांनी येत्या गळीत हंगामापूर्वी एक दिवस जरी या सरावासाठी काढला, तरी तो सत्कारणी लागेल.